गुन्हेगार कायदा पाळतच नाही, मग बंदुकीचा कायदा नक्की कोणासाठी?

निवांत_वाचक

परवा रात्री मेहुण्याशी व्हिडिओ कॉलवर दीड तास वाद झाला आणि खरं सांगायचं तर मी हरलो, म्हणून हा धागा. मेहुणा चौदा वर्षं अमेरिकेत आहे, मागच्या वर्षी तिकडचं नागरिकत्व घेतलं आणि आता पिस्तूल घेतलंय. लहानपणी टिकल्यांचं पिस्तूल वाजलं तरी कानावर हात ठेवणारा हा माणूस. फोन फिरवून त्याने पलंगाशेजारची तिजोरी दाखवली, बुटाच्या खोक्याएवढी, वर चार बोटांसाठी चार खाचा, ठरलेल्या क्रमाने दाबल्या की झाकण टुणकन वर येतं. आत काळं पिस्तूल आणि बाजूला गोळ्या भरायचं मॅगझिन. बायको म्हणाली बंद कर आधी ते, बघवत नाही, आणि उठून आत गेली. मग आमचं दोघांचं सुरू झालं.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. एक तर कायदा पाळतो कोण, तर साधा माणूस, चोर थोडाच लायसन काढायला जातो, म्हणजे बंदी घातली की फक्त साधा माणूस निःशस्त्र होतो. दुसरं, पोलीस येतात ते सगळं झाल्यावर पंचनामा करायला, आणि तो म्हणतो की तिकडच्या सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय की पोलिसांवर तुम्हाला वाचवायची घटनात्मक जबाबदारी नाही (हे खरंय का??). आणि तिसरं, म्हणजे मला जास्त लागलेलं, तो म्हणाला भाऊजी, तुम्हीच म्हणता ना की काय खावं, काय बघावं, कोणाशी लग्न करावं यात सरकारने नाक खुपसू नये, मग माझ्या घरात माझ्या जिवाच्या रक्षणासाठी मी काय ठेवावं यात कसं चालतं तुम्हाला सरकार?

इथे माझी बोलती बंद झाली. कारण मी खरंच तसं म्हणतो, गेली वीस वर्षं म्हणतोय. फक्त बंदुकीचं नाव निघालं की माझ्या आतून 'बंदी पाहिजे' असं येतं आणि त्याला तर्क काय म्हणाल तर सापडत नाही.

तर जाणकारांनी सांगा. कृपया 'अमेरिकन लोक वेडेच आहेत' छापाचे प्रतिसाद नकोत, ते मी त्याला देऊन झालेत आणि उपयोग शून्य.

अर्धवट_वकील

चांगला विषय. सुरुवात तुमच्या (??) पासून करतो, कारण मेहुणा तिथे बरोबर आहे पण त्याने अर्धीच गोष्ट सांगितलीय.

कॅसल रॉक विरुद्ध गोन्झालेस, निकाल २००५ चा. घटना १९९९ ची, कोलोराडो राज्यातली. एका बाईने विभक्त झालेल्या नवऱ्याविरुद्ध कोर्टाकडून मनाई हुकूम घेतलेला, त्यावर पोलिसांनी काय करायचं ते छापलेलं. एका संध्याकाळी नवरा तिन्ही मुलींना अंगणातून घेऊन गेला. ती पोलिसांना फोन करत राहिली, तिकडून दर वेळी अजून थोडं थांबा, परत आणेल तो. रात्री उशिरा ती स्वतः पोलीस स्टेशनला गेली, तिथे तक्रार लिहून घेणारा अधिकारी नंतर जेवायला निघून गेला. पहाटे सव्वातीनच्या सुमाराला नवरा स्वतःच पोलीस स्टेशनसमोर आला, त्याने गोळीबार सुरू केला आणि पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. गाडीत तिन्ही मुली मेलेल्या सापडल्या. आईने शहरावर दावा लावला आणि सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ ने सांगितलं की हुकमाची अंमलबजावणी करून घेणं हा तिचा घटनात्मक हक्क होत नाही. म्हणजे हो, मेहुण्याचा मुद्दा शंभर टक्के खरा.

आता त्याने न सांगितलेला अर्धा भाग. त्या नवऱ्याने ज्या पिस्तुलाने गोळीबार केला ते त्याने त्याच संध्याकाळी विकत घेतलं होतं. हे माझं मत नाही, निकालपत्रातच आहे. मनाई हुकूम डोक्यावर, मुली गाडीत किंवा गाडीत बसायच्या बेतात, आणि हा माणूस पिस्तूल घेऊन मोकळा. आता सांगा, ही केस 'मला बंदूक पाहिजे' याचा पुरावा की 'त्याला इतक्या झटपट मिळायला नको होती' याचा? माझ्या मते दोन्हीचा, आणि म्हणूनच या विषयावर कोणी हरत नाही नि कोणी जिंकत नाही.

'गुन्हेगार कायदा पाळत नाही' हा मुद्दा मात्र मला कच्चा वाटतो. तो मान्य केला तर चोरीचाही कायदा नको, दारू पिऊन गाडी चालवायचाही नको, कारण जे करायचे ते करतातच की. कायद्याचं काम सगळ्यांना साधू बनवायचं नसतं, गुन्हा व्हायच्या आधी कुठेतरी हात घालायला जागा करून ठेवायची असते. लायसनचा कायदा नसेल तर पोलिसाने शंभर पिस्तुलं भरलेली डिकी उघडली तरी त्याला म्हणावं लागेल, छान आहेत, जावा पुढं.

स्वच्छंद

वकीलसाहेब, डिकीचं उदाहरण गोड आहे पण तुमचा हा 'हात घालायला जागा' शेवटी कोणाच्या खिशात हात घालतो ते पण बघा की.

१८७८ चा आर्म्स ॲक्ट काढा. व्हाइसरॉय लिटनचा. त्याच साली देशी भाषांतल्या छापखान्यांवरचा कायदा पण त्याच माणसाने आणला, हा योगायोग नाही. हत्यार ठेवायला नेटिवांना लायसन आणि युरोपियनांना सूट. सार्वजनिक सुरक्षा वगैरे सगळी भाषा होतीच तिथे. अमेरिकेत बघायचं तर १९६७, कॅलिफोर्निया. ब्लॅक पँथरची पोरं भरलेल्या बंदुका घेऊन पोलिसांच्या गाड्यांमागे फिरायला लागली, कायद्याने तेव्हा उघड बंदूक बाळगायला मनाई नव्हती, तर लगेच मलफर्ड कायदा आला आणि सही कोणाची, तर पुढे बंदूकवाल्यांचा लाडका झालेल्या रेगनची. गोऱ्यांच्या हातात होती तोवर परंपरा, काळ्यांच्या हातात आली की समस्या. जगभर हेच. बंदी येते ती 'बंदुकीवर' असं म्हणतात, पण नेमकी कोणाच्या बंदुकीवर ते बघावं.

आणि आपल्याकडचे लोक विसरतात, १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात शस्त्र बाळगायचा हक्क होता, नियमांच्या अधीन राहून पण होता. आधीच्या नेहरू रिपोर्टात पण होता. स्वातंत्र्य आल्यावर मात्र गायब! घटनेत उलट काय आलं, 'शांततापूर्वक व विनाशस्त्र' जमण्याचा हक्क. ज्या लोकांनी १८७८ च्या कायद्याला शिव्या घातल्या त्यांनीच खुर्चीवर बसल्यावर १९५९ ला त्याचाच धाकटा भाऊ आणला.

अर्धवट_वकील

गायब नाही झाला, चर्चा होऊन नाकारला गेला, फरक आहे. १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत ह. वि. कामतांनी तशी दुरुस्ती मांडली होती आणि बाबासाहेबांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं साधारण असं की कोणीही उठून बाजारात जायचं, हवी ती हत्यारं घ्यायची आणि सरकारने मध्ये पडायचंच नाही असं असेल तर राज्य चालवायचं कसं. वर असंही की नागरिकाला शस्त्र धरायचा हक्क आहे का यापेक्षा वेळ पडली तर देशासाठी शस्त्र धरायचं कर्तव्य आहे यावर भर हवा. तुम्हाला पटो न पटो, पण ज्या समाजात कोणाच्या हातात काठी आणि कोणाच्या पाठीवर वळ हे शतकानुशतकं ठरलेलं होतं तिथला माणूस 'सगळ्यांना सारखी हत्यारं' या कल्पनेकडे संशयाने बघणारच. हत्यार समान वाटलं जात नाही हो, ज्याच्याकडे पैसा आणि वट त्याच्याकडे आधी जातं.

स्वच्छंद

आणि लायसन कोणाकडे आधी जातं? ज्याच्याकडे पैसा आणि वट. मग झालं काय, फिरून तिथेच आलो ना. ज्याच्या जिवाला खरा धोका आहे तो अर्जच करत नाही आणि ज्याच्यापासून धोका आहे तो लग्नाच्या वरातीत हवेत बार काढतो. २०१९ ला त्यासाठी पण वेगळी शिक्षा घालावी लागली, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि कट्टेवाल्याला यातलं काहीच लागू नाही, त्याचा अर्ज नाही की फी नाही की रिन्यूअल नाही.

खटका

मी रेंजवरचा माणूस आहे, आठ वर्षं रायफल शूटिंग, आधी दहा मीटर एअर रायफल नंतर पॉइंट टू-टू, सो दोन्ही बाजूंना थोडं थोडं चिडवणारं लिहितोय, सांभाळून घ्या.

पहिला दिवस आठवतो. कोचने दोन तास रायफल हातात दिलीच नाही. नळी कायम टार्गेटकडे, बोट कायम ट्रिगरच्या बाहेर, आणि चेंबर रिकामं आहे हे आधी डोळ्यांनी बघायचं मग करंगळी घालून बघायचं मग शेजाऱ्याला बघायला सांगायचं. तीनदा. कंटाळा यायचा. आता मी घरी रिमोट पण उचलला तर बोट बाहेर असतं, बायको हसते. सांगायचा मुद्दा, बंदूक ही एक 'वस्तू' म्हणून फार साधी आहे, लोखंडाची नळी आणि एक स्प्रिंग, आणि कायदेमंडळात बसलेल्या लोकांना नेमकं ते माहीत नसतं, तिथे कायद्याची माती होते.

अमेरिकेचाच १९९४ चा असॉल्ट वेपन बॅन घ्या. त्यांनी काय केलं, काही मॉडेल्स नावानिशी घातली आणि बाकीच्यांसाठी लक्षणं लिहिली. मॅगझिन काढता येणारी सेमी-ऑटो रायफल असेल आणि वर खालच्यापैकी दोन गोष्टी असतील तर बंद: घडीचा दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, संगीन लावायची खाच, नळीच्या तोंडाशी ज्वाळा लपवणारा तुकडा, ग्रेनेड लाँचर. आता विचार करा, संगीन खुपसून कोणी शाळेत खून पाडलेत का? कंपन्यांनी संगीनीची खाच तासून काढली, तो पुढचा तुकडा काढला, आणि तीच रायफल, तीच गोळी, तोच वेग, नवीन नावाने बाजारात. कायद्याच्या आधी विकलेल्या होत्या त्या तशाच कायदेशीर राहिल्या. २००४ ला मुदत संपली आणि कायदा संपला. त्याच कायद्यातला एक भाग मात्र यंत्राच्या कामाला हात घालणारा होता, दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनवर बंदी, कारण मॅगझिन बदलताना जे दोन-चार सेकंद जातात त्यात माणसं पळू शकतात. पण पेपरात फोटो यायचे ते मुठीचे आणि दस्त्याचे, दिसायला भयानक म्हणून.

दुसरं उदाहरण बंप स्टॉक. सेमी-ऑटोमध्ये एकदा ट्रिगर ओढला की एक गोळी, मग बोट थोडं पुढे सोडायचं, बारीक 'टिक' जाणवतो, ट्रिगर परत बसला, मग पुढची गोळी. बंप स्टॉक काय करतो, रायफल धक्क्याने दस्त्यावर मागेपुढे सरकते आणि बोट जागेवर स्थिर, म्हणजे बोट ट्रिगर ओढत नाही, ट्रिगरच येऊन बोटावर आपटतो, पुन्हा पुन्हा, मशीनगनसारखं. २०१७ ला लास व्हेगासला तेच वापरून एका माणसाने हॉटेलच्या खिडकीतून गर्दीवर गोळीबार केला, ६० माणसं गेली. मग ट्रम्प सरकारच्या खात्याने नियम काढला की ही मशीनगनच धरायची. आणि २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने तो नियम उडवला, का, तर मशीनगनची १९३४ पासूनची व्याख्या म्हणते 'ट्रिगरच्या एका क्रियेत' एकापेक्षा जास्त गोळ्या, आणि इथे प्रत्येक गोळीला ट्रिगर परत बसतो, तो टिक होतो. निकालपत्रात ट्रिगरच्या आकृत्या आहेत चक्क! मला कोणी विचारलं तर यंत्र म्हणून कोर्ट बरोबर आहे. मेलेल्या माणसांना त्या टिकचा काय उपयोग हा प्रश्न पण बरोबरच आहे. आणि गंमत बघा, कोर्टाने असं म्हटलं नाही की बंदी घालता येत नाही, खात्याने जुन्या व्याख्येत कोंबू नका, काँग्रेसने (तिकडच्या संसदेने) नवा कायदा करावा इतकंच. तो काही सगळ्या देशासाठी अजून झाला नाही.

त्यामुळे माझं मत, वस्तूचं वर्णन करून केलेला कायदा कोणीतरी पोरगा गॅरेजमध्ये कानशीने तासून हरवतो. कोणाच्या हातात, कधी आणि किती वेळाने, यावर केलेला कायदा हरवायला जास्त अवघड.

रिकामा_मॅगझिन

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. खटकाभाऊंच्या रिमोटला लायसन आहे का?

खटका

रिमोट बायकोच्या नावावर आहे.

दूरदेशी_माई

मी अमेरिकेत राहते, राज्य नाही सांगत. बावीस वर्षं झाली. कोर्टाचं मला फार कळत नाही, रोजचं सांगते.

माझी धाकटी सात वर्षांची होती तेव्हा एक दिवस शाळेतून आली आणि जेवताना म्हणाली आज आम्ही सगळे बाथरूमजवळच्या कोपऱ्यात दिवे बंद करून बसलो होतो आणि मी सगळ्यात शांत बसले म्हणून टीचरने मला स्टिकर दिला. शाळेत कोणी बंदूक घेऊन घुसलं तर कसं लपायचं त्याचा सराव. सिंहाचा स्टिकर होता. मी तिला शाबास म्हटलं, भांडी घासायला उठले आणि नळ मोठा सोडून रडले. तेव्हापासून मुलगी कोणाच्या घरी खेळायला जाणार असेल तर मी तिच्या मैत्रिणीच्या आईला विचारते, कुत्रा आहे का, दाण्याची ॲलर्जी आहे बरं का हिला, आणि घरात बंदूक आहे का, असेल तर कुलपात असते ना. पहिल्यांदा विचारताना जीभ जड झाली, आता सवय झालीय. कोणी चिडत नाही हो. एक जण तर म्हणाली बरं झालं विचारलंस, मी पण विचारत जाईन.

पण मला सांगायचं होतं ते वेगळंच. इथे वाद होतात ते सगळे चोर, गुंड, शाळा यांच्यावर. आकडे काढून बघा, २०२१ मध्ये बंदुकीने ४८ हजारांवर माणसं गेली इथे आणि त्यातली २६ हजारांहून जास्त स्वतःच्या हाताने गेलेली. म्हणजे अर्ध्याहून जास्त. चोर नाही की दरोडेखोर नाही, घरातलाच माणूस आणि घरातलीच बंदूक. निवांत_वाचक, तुमच्या मेहुण्याला हे विचारा की चोर येईल तेव्हाची तयारी केलीस ते ठीक, पण तूच कधी खचलास तर?

आमच्या समोरच्या घरातले आजोबा, बायको गेली आणि दोन महिन्यांत अर्धे झाले. त्यांच्याकडे शिकारीच्या तीन रायफली होत्या. मुलगा दूर राहतो, तो आला आणि कुठलाही कायदा नाही, पोलीस नाही, फक्त म्हणाला बाबा या मी थोडे दिवस माझ्याकडे ठेवतो, हिवाळा सरला की घेऊन जा. आजोबा काही बोलले नाहीत, तिन्ही गाडीत ठेवायला मदतच केली. पुढच्या हंगामात परत घेतल्या त्यांनी, हरणाचं मांस पण आणून दिलं होतं आम्हाला (आम्ही खात नाही पण घेतलं). यात कायदा कुठे बसतो मला माहीत नाही. पण प्रत्येकाला तसा मुलगा नसतो एवढं कळतं.

स्वच्छंद

माई, लिहिलंत ते वाचून थांबलो थोडा वेळ. पण एक सांगू, तुमच्या आजोबांच्या गोष्टीत जे झालं ते सरकारशिवाय झालं, हेच तर माझं म्हणणं आहे. समजा कायदा असता की दुःखी माणसाची बंदूक जप्त करा, तर त्या आजोबांनी 'मी खचलोय' हे कोणाला सांगितलं असतं का? डॉक्टरला पण नसतं सांगितलं. काही गोष्टी कायद्याने करायला गेलं की माणूस दार लावून घेतो.

दूरदेशी_माई

हो, ते आहे खरं. माझी एक मैत्रीण समुपदेशक आहे, तिचंही हेच म्हणणं. पण दहा दिवस थांबायला लावणं म्हणजे दार तोडणं नव्हे ना. कॅलिफोर्नियात बंदूक घेतली की दहा दिवसांनी हातात मिळते. ज्याला शिकारीला जायचंय त्याचं काय बिघडतं दहा दिवसांत? आणि ज्याला त्याच रात्री हवी असते त्याला ती रात्र निघून जाणं फार मोठी गोष्ट असते.

स्वच्छंद

ज्या बाईला नवरा आज रात्री मारायला येणार आहे तिचं बिघडतं.

अर्धवट_वकील

स्वच्छंद, हा तुमचा आतापर्यंतचा सगळ्यात चांगला मुद्दा आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. फक्त कॅसल रॉकचा नवरा पण रांगेत उभा आहे हे विसरू नका, दोघांना एकच खिडकी आहे. त्या खिडकीवर दोघांत फरक करायचा असेल तर कोर्टाचा हुकूम बघावा लागतो आणि तेच २०२४ च्या रहिमी केसमध्ये झालं, जोडीदाराला धोका आहे असं कोर्टाने म्हटलेल्या माणसाकडून बंदूक काढून घेता येते, ८ विरुद्ध १. दोनच वर्षांपूर्वी, २०२२ ला, त्याच कोर्टाने ब्रूअन केसमध्ये न्यूयॉर्कचा शंभरेक वर्षं जुना कायदा मोडीत काढला होता आणि म्हटलं होतं की बंदुकीवरचं कुठलंही बंधन देशाच्या इतिहासात-परंपरेत बसलं पाहिजे. मग खालची कोर्टं बसली अठराव्या शतकातले कायदे उकरत, आणि एका कोर्टाने रहिमीत ठरवलं की तेव्हा बायकोला मारणाऱ्याची बंदूक काढून घेत नव्हते, सबब आता पण नाही! ते वर जाऊन सुधारलं.

मूळ धाग्याबद्दल. मेहुण्याचा तिसरा प्रश्न, 'सरकारने नाक का खुपसावं'. तिथल्या घटनेतली दुसरी दुरुस्ती १७९१ ची आहे आणि ती वैयक्तिक हक्क देते असं सुप्रीम कोर्टाने स्पष्ट म्हटलं ते थेट २००८ ला, हेलर केसमध्ये, ते पण ५ विरुद्ध ४. हेलर हा माणूस सरकारी इमारतीवर बंदोबस्ताला होता, ड्युटीवर कमरेला पिस्तूल आणि संध्याकाळी घरी जाताना ठेवून जा, कारण वॉशिंग्टनमध्ये घरी ठेवायला बंदी. त्याची चीड समजते की नाही? मला समजते. पण तोच निकाल लिहिताना स्कॅलियाने लिहिलंय की हा हक्क अमर्याद नाही, गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेले, मानसिक आजारी, शाळा, सरकारी इमारती, ही बंधनं आम्ही हलवत नाही. म्हणजे सगळ्यात बंदूकप्रेमी निकाल पण 'सरकारचा संबंधच नाही' असं म्हणत नाही. काय खावं याच्याशी तुलना होत नाही कारण तुम्ही खाल्लेलं शेजाऱ्याच्या भिंतीतून आरपार जात नाही.

खटका

गोळी मात्र जाते आरपार, ड्रायवॉलच्या पातळ भिंती असतात तिकडे. आमच्या कोचचं वाक्य, गोळीला पत्ता माहीत नसतो.

वकीलसाहेबांना पूरक: कायद्याची मर्यादा बघायची तर जॉर्जियातलं केनेसॉ गाव बघा, १९८२ ला त्यांनी उलटा कायदा केला, प्रत्येक घरात बंदूक असलीच पाहिजे! ज्याला नको त्याला सूट, आणि पाळली नाही म्हणून कोणाच्या मागे लागलेत असंही नाही. निव्वळ घोषणा. आणि कॅनडाने १९९५ ला सगळ्या रायफली नोंदवायचा कायदा केला, खर्चाचा अंदाज सांगितला २० लाख डॉलर आणि २००२ ला त्यांच्या ऑडिटर जनरलने सांगितलं की आकडा अब्जाच्या घरात चाललाय. २०१२ ला रायफलींची ती नोंदणी बंदच केली. कायदा करायला एक दिवस लागतो, पण कपाटातली माळ्यावरची आजोबांची बंदूक मोजायला माणसं आणि पैसे लागतात.

चष्मिस

जपानचं कोणी कसं काढलं नाही? तिकडे शॉटगनसाठी पण दिवसभराचा क्लास, लेखी परीक्षा, रेंजवर परीक्षा, डॉक्टरचं सर्टिफिकेट, पोलीस घरी-शेजारी चौकशी करतात. आणि तरी २०२२ ला शिंझो आबेंना मारलंच ना, घरी बनवलेल्या बंदुकीने.

अर्धवट_वकील

मारलंच. पण घरी बनवायला लागली, हे पण बघा की. नळ्या टेपने बांधलेलं धूड होतं ते. ठरवून महिनोन्महिने खपणाऱ्या एकाला कायदा अडवू शकला नाही. संतापाच्या भरात दुकानात जाणाऱ्यांना जपानात दुकानच सापडत नाही.

ऑस्ट्रेलिया राहिलं. १९९६ ला पोर्ट आर्थरला ३५ जण गेले, दोन आठवड्यांत राज्यांचं एकमत झालं, सेमी-ऑटो रायफली बंद आणि साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका सरकारने विकत घेतल्या. 'विकत' हा शब्द महत्त्वाचा, कारण त्यांच्या घटनेत आहे की केंद्राने मालमत्ता घेतली तर रास्त मोबदला दिलाच पाहिजे. त्यासाठी आरोग्याच्या करात एक वर्ष ०.२ टक्के वाढ केली. पंतप्रधान हॉवर्ड उजव्या पक्षाचे, त्यांचाच मतदार चिडलेला, एका सभेत कोटाखाली बुलेटप्रूफ जॅकेट घालून बोलले. आणि स्वसंरक्षण हे तिथे लायसनसाठी वैध कारणच नाही. तुमच्या मेहुण्याला हे शेवटचं वाक्य सांगू नका, फोन ठेवेल.

स्वच्छंद

मी पण ठेवला असता. जीव वाचवणं हे कारण नाही आणि ससे मारणं हे कारण आहे, वा.

निवांत_वाचक

सगळ्यांचे आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं. काल परत फोन झाला. आकड्यांवर त्याने हो हो केलं, बंप स्टॉकची टिक त्याला माहीत होती, कॅसल रॉकचं पिस्तूल त्याच संध्याकाळचं होतं हे मात्र माहीत नव्हतं, त्यावर जरा गप्प झाला. माईंचा प्रश्न मी विचारला, तूच खचलास तर. मला वाटलं उडवून लावेल. म्हणाला तिजोरीचा क्रम फक्त मला माहीत आहे, बायकोलाही सांगितलेला नाही, पोरांनी बघू नये म्हणून. मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाला क्रम बदलायचा कसा ते पुस्तिकेत बघावं लागेल. एवढंच. विकणार वगैरे काही म्हणाला नाही आणि मी विचारलं नाही.

तिसऱ्या प्रश्नावर आम्ही दोघं आहोत तिथेच आहोत. वकीलसाहेबांचं भिंतीचं वाक्य मी वापरलं, त्यावर त्याने शेजाऱ्याच्या कुत्र्याचं काहीतरी काढलं.

फोन ठेवता ठेवता त्याला एकच शंका होती, ती इथे टाकतो: ऑस्ट्रेलियात बंदुका घेतल्या तेव्हा पैसे बाजारभावाने दिले की सरकारी भावाने?

खटका

मॉडेलप्रमाणे भावाच्या याद्या केल्या होत्या. त्याचं मॉडेल कुठलं म्हणालास?